पुण्यात घरपोच पुष्पगुच्छ मागवताना: फोटो बाजूला ठेवा, फुलं विचारा

कुणाला ताज्या फुलांचा गुच्छ घरपोच पाठवायचा म्हटलं की आपण आधी मोबाइल उघडतो. ढीगभर फोटोंतला एक आवडतो, पैसे भरले जातात आणि संध्याकाळी समोरच्याच्या दारात पोचतं ते काहीतरी वेगळंच. गुलाब असतात पण बारके, लिलीच्या जागी शेवंती आलेली असते आणि पानांचीच गर्दी फार. दरवेळी यात लबाडी असतेच असं नाही. फोटो कुठल्यातरी स्टुडिओत, वेगळ्याच हंगामात काढलेला असतो. तुमचा गुच्छ मात्र गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आज पहाटे जे उतरलं त्यातूनच बांधला जाणार असतो. त्यामुळे गुच्छाचं डिझाइन निवडण्याआधी फूल निवडावं, आणि त्याहीआधी ते आज मिळतंय का हे विचारावं. सगळा लेख याच एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत. मुंबईकरांनी मार्केट यार्डाच्या जागी दादरचा फुलबाजार धरावा.

तुमची ऑर्डर जाते कुणाकडे?

देशभर डिलिव्हरी देणाऱ्या बहुतेक वेबसाइट्सचं स्वतःचं दुकान तुमच्या गावात नसतं. ऑर्डर त्या घेतात, आपला वाटा कापून ती स्थानिक फुलवाल्याकडे देतात आणि तो उरलेल्या पैशात गुच्छ बसवतो. ही पद्धत काही इंटरनेटने आणलेली नाही. अमेरिकेत १९१० साली काही फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डरी कळवायला सुरुवात केली होती. तेव्हा तार होती, आता ॲप आहे. पण व्यवहाराचं गणित तेच: मध्ये जितके हात, तितकी गुच्छातली फुलं कमी.

म्हणून पुण्यातल्या पुण्यात पाठवायचं असेल तर थेट दुकानदाराला फोन करा. त्याच पैशात फुलं जास्त येतात, शिवाय काही चुकलं तर बोलायला माणूस असतो. वेबसाइटचा खरा उपयोग होतो तो परदेशातून तिकडच्या कार्डाने पैसे भरायचे असतील तेव्हा, किंवा ज्या गावात आपलं कुणीच नाही तिथे पाठवायचं असेल तेव्हा. परदेशातल्या मंडळींचं पुण्यात एखादं भाचरू असेल, तर त्याच्याकडून दुकान ठरवून घेणं केव्हाही बरं.

दुकान शोधताना नकाशावर नाव सापडतं, पण तिथले दुकानाने टाकलेले फोटो पाहू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले पाहा. काही नोंदींमागे दुकानच नसतं, नुसता नंबर असतो आणि तोही ऑर्डर पुढे ढकलणाऱ्याचा. फोनवर सरळ विचारा, "दुकान नेमकं कुठे आहे? समोर काय आहे?" खरा दुकानदार लगेच सांगतो, शाळेसमोर, अमक्या मेडिकलला लागून. उत्तर 'आम्ही सगळ्या पुण्यात डिलिव्हरी देतो' असं आलं तर पुढचा नंबर लावा. आणि गुच्छ जिथे पोचवायचा आहे त्या भागातलं दुकान धरा. कोथरूडच्या दुकानातून निगडीला पाठवलेला गुच्छ वाटेतच अर्धा दमतो.

आज बाजारात काय आहे

इथे थोडा वेळ घालवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

पुण्यातल्या गुच्छाचा कणा म्हणजे डच गुलाब. हा पॉलिहाऊसमधला, लांब दांड्याचा, वीस नगांच्या गड्डीत येणारा. मावळ तालुका या गुलाबासाठी प्रसिद्ध आहे आणि तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्कच आहे. त्यामुळे गुलाबाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान: फूल लांबून येत नाही. देशी गुलाब वेगळा. दांडा आखूड, पाकळ्या सैल, पण वास असतो. गुच्छात तो टिकत नाही, हाराला आणि पूजेला बरा. लाल डच गुलाबात 'ताजमहाल' आणि 'टॉप सिक्रेट' या जाती आपल्याकडे नेहमी दिसतात. पांढऱ्यात 'ॲव्हलांच' आणि पिवळ्यात 'गोल्ड स्ट्राइक' मागू शकता. जातीचं नाव घेतलंत की दुकानदार जरा सावरून बसतो, एवढाही फायदा थोडा नाही.

हंगामाचा हिशोब असा. थंडीत गुलाबाची कळी मोठी आणि भरीव येते, रंगही गडद असतो. एप्रिल-मेच्या उन्हात कळी लहान राहते आणि भराभर उमलते. सकाळी घट्ट दिसलेलं फूल रात्री पसरलेलं असतं. पावसाळ्यात दमट हवेने पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात, ती बुरशी असते. जून ते सप्टेंबर गुलाबाचा हट्ट जरा सोडा. त्याऐवजी शेवंतीच्या काड्या किंवा ऑर्किड घ्या.

जरबेरा बहुतेक वर्षभर मिळतो, दहाच्या गड्डीत येतो, रंग भरपूर आणि भाव गुलाबापेक्षा बहुधा कमी. वाढदिवसाला, लहान मुलांसाठी छान. त्याची खोड एकच, मान टाकतो. कार्नेशनला लोक उगाच मागे ठेवतात. ते नीट पाण्यात ठेवलं तर आठवडा ते दोन आठवडे टिकतं. ज्या घरात रोज पाणी बदलायला कुणी नाही, तिथे मी गुलाबाआधी कार्नेशन सुचवेन. डेंड्रोबियम ऑर्किड बरंचसं थायलंडहून येतं, त्यामुळे त्याचा भाव आपल्या पावसापाण्यावर फारसा हलत नाही. अँथुरियम सगळ्यांत चिवट, दोन आठवडे सहज काढतं. त्याची चकचकीत पानं काहींना प्लॅस्टिकची वाटतात, ते मात्र खरं.

लिलियम म्हणजे लिली. तिचे कंद मुख्यतः नेदरलँड्सहून आणून इथे लावतात, म्हणून ती महाग. ओरिएंटल लिलीला दाट वास असतो, एशियाटिकला जवळजवळ नसतो. लिली मागवताना कळ्या बंद असलेल्या मागा, एखादीच उमलू लागलेली. सगळ्या उमललेल्या असतील तर दोन दिवसांत पाकळ्या गळायला लागतात. ज्या घरी मांजर आहे तिथे मात्र लिली पाठवूच नका. पान, पाकळी, इतकंच काय परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे अनेक दुकानदारांनाही ठाऊक नसतं.

गुलछडी आणि ग्लॅडिओ आता मोठ्या समारंभांच्या सजावटीत जास्त दिसतात, पण वडीलधाऱ्यांना गुलछडीच्या सात-आठ काड्या आणि थोडी हिरवी पानं एवढा साधा गुच्छ द्या, घरभर वास दरवळतो आणि खर्चही बेताचा. तिचीही खालची दोन-तीन फुलंच उमललेली असावीत.

निळे गुलाब, निळी ऑर्किड, सप्तरंगी शेवंती ही रंग पाजलेली फुलं असतात. घ्यायला हरकत नाही, पण पाणी निळं होतं आणि टेबलक्लॉथवर डाग पडतो. चमकी मारलेली फुलं मात्र टाळाच. शिळेपणा झाकायला चमकीसारखं दुसरं साधन नाही.

भावाचं एक सोपं साधन सांगतो. पुण्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत सोमवारी मार्केट यार्डातल्या रविवारच्या आवकेचे भाव येतात. त्यात फुलांची वेगळी ओळ असते: गुलछडी, डच गुलाब (२० नग), जरबेरा, कार्नेशन, लिलियम (१० काड्या) अशी. गड्डीच्या भावाला नगांनी भागलं की दुकानदाराला एक फूल साधारण केवढ्याला पडलं ते कळतं. त्याचं भाडं, मजुरी, वाया जाणारा माल धरून तो याच्या दुप्पट-तिप्पट लावेल, ते रास्तच. पण सहापट लावत असेल तर तुम्ही कागदाचे आणि रिबिनीचे पैसे देताय.

भाव चढतात ते दिवसही ओळखून ठेवा. गणपती, दसरा, दिवाळी आणि लग्नसराईतल्या मोठ्या तिथी. पितृपंधरवड्यात मागणी पडते, तेव्हा तेवढ्याच पैशात भरगच्च गुच्छ होतो. सगळ्यांत विचित्र आठवडा १४ फेब्रुवारीचा. मावळातले शेतकरी या दिवसाचा माल हाती यावा म्हणून डिसेंबरमध्येच झाडांची छाटणी करतात. आधी परदेशात पाठवायचा माल जातो, मग देशातल्या बाजारांचा. त्यामुळे १२ ते १४ तारखेला स्थानिक दुकानात लाल गुलाब महाग असतो आणि कधी कधी निर्यातीतून मागे राहिलेला असतो. ज्यांना तारखेचं सोयरसुतक नाही त्यांनी चार दिवस थांबावं, नाहीतर त्या दिवशी लाल सोडून दुसरा रंग घ्यावा.

गुच्छ, टोपली की बॉक्स

हातात धरायचा, दांड्यांसकट बांधलेला गुच्छ घरी पाठवायला सर्वांत चांगला. समोरचा माणूस सुतळी सोडून फुलं फुलदाणीत ठेवू शकतो. टोपली आणि बॉक्समध्ये फुलं हिरव्या स्पंजात खोचलेली असतात. फुलवाले त्याला ओॲसिस म्हणतात. दिसायला भारी, पण दांडे आखूड कापलेले असल्याने नंतर काही करता येत नाही, आणि रोज स्पंजावर पाणी घातलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं मलूल. तो स्पंज प्लॅस्टिकच्या जातीचा, कुजत नाही. ओल्या कचऱ्यात टाकू नये. दवाखान्यात मात्र टोपली सोयीची, कारण तिथे फुलदाणी कुठून आणणार?

त्यातही दवाखान्यात पाठवण्याआधी विचारून घ्या. अतिदक्षता विभागात फुलं नेऊ देत नाहीत आणि बऱ्याच रुग्णालयांत साध्या खोलीतही मनाई असते. परवानगी असली तरी लिली, गुलछडी असली वासाची फुलं नकोत. खरं सांगायचं तर पेशंट घरी आल्यावर दोन दिवसांनी गुच्छ पाठवलेला जास्त कामाचा. तेव्हा भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते.

लग्नाची पत्रिका आधी नीट वाचा. 'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापलं असेल तर ते मनापासून लिहिलेलं असतं. कार्यालयात गुच्छांचा ढीग रात्री झाडूवाल्याच्या माथी येतो. पाठवायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवा. दुःखाच्या घरी पांढऱ्या फुलांचा साधा गुच्छ, झगमगीत कागद आणि फुगे न लावता. हे दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सवयीने लाल रिबीन बांधून मोकळा होतो.

फोनवर काय बोलायचं

दुकानदाराला सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला गाठा. माल सोडवून झालेला असतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी नसते. दुपारी एक ते चार पुण्यात फोन करायचा नसतो, हे सांगायला नकोच. बोलणं साधारण असं:

"दादा, आज ताजं काय आलंय?"
"गुलाब आहेत, जरबेरा आहे, कार्नेशन कालचं आहे."
"गुलाब कुठल्या रंगात? दांडा केवढा? मग वीस पिवळे आणि पाच पांढरे जमतील का? कागद साधा ब्राउन, आत प्लॅस्टिक नको."

कालचं ते कालचं म्हणून सांगणारा दुकानदार मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

पुष्कळ जण 'हजारपर्यंतचा एक छान बुके' एवढंच सांगतात. मग त्याच्याकडे जे संपवायचं आहे ते तुमच्या गुच्छात जातं. फुलाचं नाव, नग, रंग आणि ते नसेल तर काय चालेल, या चार गोष्टी सांगा. चौथी सगळ्यांत महत्त्वाची. 'पिवळे नसतील तर अबोली रंगाचे चालतील, लाल नको' असं ठरलं असेल तर अनाहूत बदल होत नाहीत. पानं आणि जिप्सोफिलासारखं बारीक भरणीचं फूल किती, हेही विचारा. थोडी भरण हवीच, पण वीस फुलांचा गुच्छ चाळिसाचा दिसू लागला की समजावं.

मग हेच सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तोंडी ऑर्डर आणि कारागिराच्या हातातली चिठ्ठी यांत फरक पडतोच. नमुना:

"शुक्रवार, सकाळी १० ते १२. २० पिवळे डच गुलाब, ५ पांढरे. पिवळे नसल्यास अबोली. हातात धरायचा गुच्छ, ब्राउन कागद, दांड्यांना ओला कापूस. कार्डावर: 'सुलूमावशी, पंचाहत्तरीचा साष्टांग नमस्कार. — सगळी भाचरं'. कार्ड मराठीतच लिहावे. निघण्याआधी फोटो पाठवावा. एकूण रक्कम डिलिव्हरीसह कळवावी."

कार्डाचा मजकूर तुम्हीच टाइप करून द्या. फोनवर सांगितलेल्या 'पंचाहत्तरी'चं काय होईल ते सांगता येत नाही.

निघण्याआधीचा फोटो मागायचा तो वरून नको, बाजूने, दांड्यांसकट. त्यात काय पाहायचं? गुलाबाची कळी बोटाने दाबल्यावर घट्ट लागावी. हे फोटोत कळत नाही, पण मान वाकलेली दिसते. बाहेरच्या एक-दोन हिरवट, खरबरीत पाकळ्या दोष नव्हेत, त्या कळीचं रक्षण करतात आणि सहज काढता येतात. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीवर परागाची बाहेरची एक-दोन वर्तुळंच दिसावीत. आतपर्यंत पिवळी भुकटी असेल तर फूल जुनं. कार्नेशनच्या पाकळ्यांच्या कडा आत वळल्या असतील तर त्याचं आयुष्य संपत आलंय. शेवंतीत फुलाआधी पानं पिवळी पडतात, म्हणून पानं बघा.

पत्ता आणि वेळ

गुच्छ चांगला बांधला तरी पत्त्यावरून घोळ होतो. पेठांमध्ये घरनंबरावर कुणी पोचत नाही, बोळाच्या तोंडाशी काय आहे ते सांगा. बाणेर, हिंजवडी, मगरपट्टा अशा भागांतल्या सोसायट्यांमध्ये फाटकावर ॲपवरून परवानगी लागते. घरच्यांनी फोन उचलला नाही तर पोऱ्या गुच्छ सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवून निघून जातो आणि तिथे तो उन्हात बसतो. आयटी कंपन्यांमध्ये तर तो आत जातच नाही, ज्याचा गुच्छ आहे त्याला खाली यावं लागतं. तेव्हा आश्चर्याचा धक्का द्यायचा असला तरी घरातल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा.

दुकानाला द्यायचा तपशील असा: पूर्ण नाव, इमारत, मजला, खूण, पिनकोड, नकाशावरचं ठिकाण, पोचवायच्या जागचा मोबाइल आणि तो लागला नाही तर दुसरा. परदेशातून पाठवत असाल तर तुमचा नंबर पहिला देऊ नका, तुम्ही बोस्टनला झोपलेले असता.

वेळ सकाळची मागा. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता स्कूटरवरून आलेल्या गुलाबाला नंतर कितीही पाणी द्या, उपयोग नाही. मध्यरात्रीच्या डिलिव्हरीचा गुच्छ बहुतेक संध्याकाळीच बांधून ठेवलेला असतो आणि जादा आकारही मोठा. मला तो सौदा कधी पटलेला नाही. मोठी टोपली असेल तर ती दुचाकीवरून येणार की गाडीतून, हे विचारा. वाऱ्याने पाकळ्या फाटतात.

साध्या दिवसासाठी आदल्या दिवशी ऑर्डर पुरे. लिली, अँथुरियम किंवा एका रंगाचे पन्नासच्या वर गुलाब हवे असतील तर तीन-चार दिवस आधी सांगा, म्हणजे दुकानदार यार्डात सांगून ठेवू शकतो.

पैसे आणि तक्रार

अनोळखी दुकानाला सगळे पैसे आधी देऊ नका. निम्मे आधी आणि उरलेले निघण्याआधीचा फोटो पाहून, याला बहुतेक जण तयार होतात. यूपीआयने देताना पडद्यावर येणारं नाव दुकानाचं किंवा मालकाचं आहे का ते बघा. 'पैसे परत घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

चुकीचा किंवा कोमेजलेला गुच्छ आला तर तो मिळाल्या मिळाल्या फोटो काढायला सांगा. दुसऱ्या दिवशीच्या फोटोवरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. स्थानिक दुकानदार बहुधा नवीन गुच्छ पाठवतो. वेबसाइट असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तिला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. टोलवाटोलवी चालली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पोचल्यावर

गुच्छासोबत हे चार शब्द घरच्यांना आवर्जून पाठवा, कारण बरेचजण कागदासकट गुच्छ टीव्हीवर उभा करतात आणि मग फुलं टिकली नाहीत म्हणतात. कागद, सुतळी काढायची. दांड्यांची टोकं धारदार सुरीने तिरकी, दोनेक सेंटिमीटर कापायची. पाण्यात बुडणारी पानं खुडायची, ती सडून पाणी घाण होतं. फुलदाणी घासलेली हवी. पाणी रोज बदलायचं आणि दोन दिवसांनी टोकं पुन्हा थोडी कापायची. जरबेऱ्याला मात्र पाणी कमी, पाच-सहा सेंटिमीटरच. जास्त पाण्यात त्याचा केसाळ दांडा कुजतो. पंख्याच्या झोतात, खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि फळांच्या टोपलीशेजारी तर मुळीच नाही: पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्याने एका दिवसात मिटतं. लिली उमलली की तिचे तपकिरी परागकोश टिश्यूने चिमटून काढावेत. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी लावायचं नाही, चिकटपट्टीने उचलायचा.